उभी गाडी आणि रविवारची पाच मिनिटं

मामा-मामी मे महिन्याच्या शेवटी मुलीकडे न्यू जर्सीला गेले, बाळंतपण होतं, सहा महिन्यांचा बेत. गाडी रत्नागिरीतच राहिली, घराच्या बाजूला पत्र्याची शेड आहे तिथे. निघताना मामांनी शेजारच्या पोराच्या हातात चावी दिली आणि सांगितलं की दर रविवारी पाच मिनिटं चालू कर रे बाबा, म्हणजे बॅटरी उतरायची नाही. पोरगा इमानदार, धो धो पावसातसुद्धा त्याने एक रविवार चुकवला नाही. तरी जुलैच्या मध्यावर एका रविवारी चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. नोव्हेंबरात मामा परत आले तोवर बॅटरी कामातून गेलेली, मागची दोन्ही चाकं जाम, सीटवर पांढरी बुरशी, आणि बॉनेट उघडलं तर उंदराने केलेलं घरटं.

मामांना फार वाईट वाटलं, म्हणाले सांगितलं होतं ते सगळं पोराने केलं की रे. केलंच त्याने. मी प्लँट मेंटेनन्समध्ये काम करतो, बंद ठेवलेली मशीन कशी खराब होते हे रोज बघतो, त्यामुळे मला हे मनापासून सांगावंसं वाटतं की चूक पोराची नव्हती आणि मामांचीही नव्हती, चूक त्या पाच मिनिटांची होती. हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो आणि तो गाडीला मदत करण्याऐवजी त्रासच देतो.

आधी बॅटरीचा हिशोब करू. गाडी बंद करून लॉक केली तरी ती पूर्ण झोपत नाही, रिमोटचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर जागा असतो, अलार्म, घड्याळ, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी, हे सगळं थोडा थोडा करंट खात राहतं. धरून चालू ३० मिलीअँपिअर. आकडा किरकोळ वाटतो पण आठवड्याचे १६८ तास, म्हणजे आठवड्याला साधारण ५ अँपिअर-अवर (करंट गुणिले तास) गेले. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरच्या आसपास, म्हणजे काहीच केलं नाही तर सात आठवड्यांत ती रिकामी, आणि स्टार्टर फिरवण्याएवढा जोर तर त्याच्या आधीच संपतो.

आता ती पाच मिनिटं. स्टार्टर दोन-तीन सेकंद दीडशे अँपिअरच्या आसपास ओढतो, ते ऐकायला भयंकर वाटतं पण वेळ इतका कमी की एकूण खर्च फार नाही, तो पहिल्या मिनिटाभरात भरून निघतो. उरलेल्या चार मिनिटांत आयडलिंगवर (गाडी उभी, नुसतं इंजिन चालू) अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, अगदी १५ अँपिअर देतोय असं मानलं तरी बॅटरीत जातं १ अँपिअर-अवर. गेले पाच, आला एक! त्यामुळे बॅटरी उतरायची थांबत नाही, दोन आठवडे पुढे ढकलली जाते इतकंच.

बरं उतरलेली बॅटरी नुसती रिकामी असती तर चार्ज करून काम भागलं असतं. पण लेड-ॲसिड बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, सुरुवातीला ते अगदी बारीक आणि मऊ असतं, चार्जिंग केलं की परत विरघळून जातं. तसंच महिनोन्महिने पडून राहिलं तर मात्र त्याचे मोठे टणक स्फटिक बनतात, साखरेचा पाक कडेला सुकून खडे होतात ना तसं, आणि मग चार्जर कितीही लावा ते सुटत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. मामांच्या बॅटरीचं हेच झालं.

पण माझ्या मते पाच मिनिटांचं खरं नुकसान बॅटरीत नाही, पाण्यात आहे. हे बऱ्याच लोकांना पटत नाही म्हणून नीट सांगतो. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. जळताना हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला धरतो आणि पाणी बनतं, आणि ऑक्सिजनचं वजन त्यात मिळत असल्यामुळे १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. हो, लिटरला लिटर! गाडी रोज तासभर पळते तेव्हा सगळं तापलेलं असतं, ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी सायलेन्सरमधून थेंब थेंब पाणी गळताना दिसतं, ते हेच.

पाच मिनिटं आयडलिंग केलं तर साधारण ५०-६० मिली पेट्रोल जळतं, म्हणजे तेवढंच पाणी. सायलेन्सर अजून थंड आहे, त्यामुळे त्यातलं बरंचसं आतच जमतं आणि इंजिन बंद केल्यावर पुढच्या रविवारपर्यंत तिथेच बसून राहतं. त्याचा थोडा वाटा पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरून इंजिन ऑइलमध्येही जातो. ऑइलमधलं पाणी उडून जायचं तर ऑइल १०० डिग्रीच्या जवळ पोचायला हवं, त्याला नीट पळवलेली गाडीसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं घेते, उभ्या उभ्या पाच मिनिटांत तर ते धड कोमटही होत नाही. मग ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाचा मळ साचतो. मामांच्या गाडीचं झाकण उघडलं तेव्हा बोटाने निघेल इतका होता. सात रविवारांत सात वेळा इंजिनला पाणी पाजून झाकून ठेवलं होतं असं समजा.

म्हणून मार्ग दोनच. गाडी चालवणारा भरवशाचा माणूस असेल तर त्याने पंधरा दिवसांतून एकदा ती खरोखर रस्त्यावर नेऊन अर्धा-पाऊण तास चालवायची, रत्नागिरीहून पावस, गणपतीपुळे, जिथे वाटेल तिथे. तसा माणूस नसेल तर इंजिनला हात लावायचा नाही, अजिबात नाही, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची.

निगेटिव्हच का, तर गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला की थेट शॉर्ट, मोठी ठिणगी. निगेटिव्ह आधी काढली की सर्किटच तुटतं, मग पाना कुठेही लागू दे. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो, दोन मिनिटांचं काम. त्या आधी बॅटरी पूर्ण चार्ज हवी, मल्टिमीटरवर १२.६ किंवा १२.७ व्होल्ट दिसायला हवेत (१२.२ म्हणजे निम्मी रिकामी). वायर काढल्यावरही बॅटरी आपली आपण थोडी उतरतेच, महिन्याला काही टक्के, आणि तापमान १० डिग्रीने वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे रणरणत्या पत्र्याखाली ठेवण्यापेक्षा बॅटरी काढून घरात गार जागी ठेवलेली उत्तम. जमलं तर दोन महिन्यांनी एकदा चार्जरला लावायची, शेजारच्या पोराला द्यायचं काम असेल तर ते हे द्या.

आता गंज, आणि कोकणात याच्याबद्दल कितीही बोललं तरी कमीच. गंज हीसुद्धा एक बॅटरीच आहे. लोखंडावर पाण्याचा थेंब बसला की त्याच्याखालच्या धातूचा एक भाग इलेक्ट्रॉन सोडतो, दुसऱ्या भागावर ऑक्सिजन ते घेतो, मधलं पाणी वायरचं काम करतं. साधं पाणी ही वायर म्हणून कमजोर, पण त्यात मीठ आलं की करंट जोरात वाहतो. आणि समुद्राकाठच्या हवेतल्या मिठात नुसतं खायचं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते हवेत ३३ टक्के आर्द्रता असली तरी ओलावा ओढून घेऊन स्वतःच पातळ होतं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस, पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्के, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर मिठाचा कण बसला की तो पूर्ण चार महिने ओलाच राहणार.

त्यामुळे गाडी ठेवण्याआधी वरून चकचकीत धुण्यापेक्षा खालून धुणं महत्त्वाचं, मडगार्डच्या आत, चाकांच्या मागे लाल मातीचे थर असतात, ते स्पंजसारखं पाणी धरून ठेवतात. वॉशिंगवाल्याला सांगून उचलून खालून प्रेशरने धुवून घ्या, आणि हे विसरू नका, धुतल्यावर लगेच लावू नका. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून, मधेमधे ब्रेक मारून ब्रेक सुकवून मग शेडमध्ये घ्या.

ब्रेकचं प्रकरण असं की डिस्क आणि ड्रम बिडाचे असतात, त्यांना रंग नसतो, गंजायला एक रात्र पुरते. रोज चालणाऱ्या गाडीचा तो गंज पहिल्या दोन ब्रेकमध्ये घासून जातो. पण हँडब्रेक ओढून सहा महिने ठेवली तर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला दाबून धरलेले, मध्ये ओलावा, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणजे फुगतो, त्याने दोघं एकमेकांना चिकटून बसतात. मामांची मागची चाकं याच कारणाने जाम झाली, ड्रम ठोकून ठोकून काढावे लागले. हँडब्रेक पूर्ण सोडा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, आणि चाकांना पुढून-मागून चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) लावा. कोकणात चिऱ्यांची कमी नाही.

टायरबद्दल थोडक्यात. रबरातून हवा हळूहळू झिरपते, महिन्याला १-२ पीएसआय, त्यामुळे नेहमी ३३ भरत असाल तर ३८ भरून ठेवा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. महिन्यातून एकदा गाडी न्यूट्रलला टाकून हाताने अर्धं चाक पुढे ढकला, म्हणजे वजन एकाच जागी राहून टायर चपटा होत नाही, आणि चिरे परत लावायला विसरू नका.

पेट्रोलची गोष्ट हल्ली बदलली आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं बरंच आपल्याच उसापासून बनलेलं, आणि इथेनॉलला पाण्याची ओढ असते. अर्धी टाकी रिकामी म्हणजे तिच्यात ओली हवा, दिवसा तापून फुगणार, रात्री गार होऊन आकसणार, पाण्याचा अंश पेट्रोलमध्ये मुरत जाणार. थोडं पाणी इथेनॉल सामावून घेतं, पण एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाला बसतात, पंप नेमका तिथूनच ओढतो. म्हणून टाकी भरून ठेवायची, पहिल्यांदा नोझल आपोआप बंद होईल तिथपर्यंतच, वरून अजून कोंबायचं नाही. आणि इंजिन ऑइल परत आल्यावर बदलू असं म्हणू नका, जायच्या आधी बदला, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं असतात, ती सहा महिने बेअरिंगवर बसून राहतात.

आतली बुरशी टाळायची तर शेवटच्या फेरीत एसी बंद करून ब्लोअर दहा मिनिटं जोरात चालवा, आतलं कॉइल सुकतं. ओली मॅट, छत्री, बिस्किटाचा पुडा काहीही आत नको. प्लॅस्टिकचं कव्हर तर नकोच नको, त्याच्याखाली पाणी धरतं, शेडमध्ये असेल तर सुती कापड खूप झालं. उंदरांना अन्न नसलं तरी वायर चालते, त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडून झिजवावेच लागतात. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, बाहेरची हवा केबिनमध्ये घेणारा फ्लॅप बंद ठेवा, आणि स्टिअरिंगला एक लाल चिंधी बांधा, म्हणजे परत आल्यावर बोळा काढायची आठवण राहील.

परत आल्यावर घाई नको. आधी बॉनेट उघडून घरटं आणि वायरी बघा, ऑइल आणि कूलंट बघा, टायरची हवा बघा, मग चार्ज केलेली बॅटरी लावा, पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. पहिले एक-दोन किलोमीटर ब्रेकमधून खरखर येईल, ती थांबली पाहिजे, नाही थांबली तर गॅरेज. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलल्याशिवाय घाट उतरू नका, तेही हवेतलं पाणी पितं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चं नवं ऑइल २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तेच १५५ च्या आसपास उकळू शकतं, मग लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं.

यंदा मामा-मामी नातवाच्या वाढदिवसाला परत चाललेत, चार महिन्यांसाठी. गेल्या रविवारी मी जाऊन गाडी खालून धुवून आणली, ऑइल बदललं, पावसपर्यंत चालवून सुकवली, बॅटरी मामींच्या कोठीच्या खोलीत एका फळीवर ठेवली. शेजारच्या पोराला चार्जर कसा लावायचा ते दाखवलंय, तारखा त्याने स्वतःच कॅलेंडरवर लिहून घेतल्या.