डब्याखालचे ५६ सेल

चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या घडणीच्या (आयसीएफ) डब्यांना इंजिनाकडून दिव्यापंख्यांची वीज मिळत नाही. गाडी फलाटावर उभी असताना पंखा फिरतो तो डब्याखालच्या बॅटरीवर.

या व्यवस्थेची सुरुवात इंग्लंडातली. सेल मात्र फ्रान्सचा: प्लान्ते या शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे-आम्ल सेल बनवला, फॉरने १८८१च्या सुमारास प्लेटवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन त्याची क्षमता वाढवली. त्याच वर्षी लंडन-ब्रायटन मार्गावरच्या ‘बीट्रिस’ या पुलमन (म्हणजे ऐषारामी) डब्यात या सेलवर दिवे लागले. मात्र सेल उतरले की जमिनीवरूनच चार्ज करावे लागत. १८९४मध्ये जे. स्टोन कंपनीने चाकांच्या ॲक्सलवरून पट्ट्याने फिरणारा डायनॅमो आणला. तो मुद्दाम लोंबता टांगलेला असे. वेग वाढला की पट्टा घसरे आणि व्होल्टेज आटोक्यात राही. रेग्युलेटरचं काम पट्ट्याकडूनच करून घेतलं!

भारतात बराच काळ २४ व्होल्ट चालले. साडेचार किलोवॅट त्या दाबावर न्यायचे तर जवळपास १९० अँपिअर लागतात, म्हणजे जाड केबल आणि वाटेतच घट. ११० व्होल्टवर तेच काम चाळीसेक अँपिअरमध्ये होतं. म्हणून दोन-दोन व्होल्टचे ५६ सेल एकापाठोपाठ जोडले आणि डायनॅमोच्या जागी, पट्ट्यानेच फिरणारा पण ब्रश नसलेला अल्टरनेटर आला. बिगरवातानुकूलित डब्याला १२० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी पुरते. एसी डब्याला ११०० लागतात, म्हणजे कागदावर सुमारे १२० युनिट.

दुखणं बहुधा सेलमध्ये नसतं, पट्ट्यात असतं. पट्टे सैल झाले किंवा वाटेत पडले की अल्टरनेटर पुरेसं चार्जिंग देत नाही. अर्धवट चार्ज राहिलेल्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चांगली बॅटरीही तासाभरात मान टाकते. पाण्याच्या सेलमध्ये हे द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने कळायचं: पूर्ण चार्जला आम्लाची घनता १.२१०च्या वर. उन्हाळ्यात पाणी आटून प्लेट उघड्या पडत, म्हणून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन फिरणं आलंच.

व्हीआरएलए म्हणजे बंदिस्त शिसे-आम्ल सेलने पाणी घालणं संपवलं, पण आत डोकावायची सोयही गेली. आता लोड टाकून प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघायचं, इतरांआधी १.८ व्होल्टला घसरलेला सेल बदलायचा. जादा चार्जिंग आणि उष्णता याला जास्त बाधते, कारण आतलं सुकलेलं पाणी परत भरता येत नाही.

एलएचबी या नव्या, जर्मन बनावटीच्या डब्यांच्या गाड्यांना वीज पॉवर कार म्हणजे जनरेटरच्या डब्यातून किंवा थेट इंजिनातून मिळते. बॅटरी तिथेही आहे, पण आणीबाणीच्या दिव्यांपुरती आणि कंट्रोल सर्किटपुरती.