मुक्त लोक (मध्यभूमी)

मुक्त लोक : जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या मध्यभूमी या कल्पित जगात सौरॉन या अंधाराच्या अधिपतीपुढे मान न तुकवणाऱ्या जमातींचे एकत्रित नाव. अमर एल्फ, बुटके ड्वार्फ, माणसे, त्याहूनही ठेंगणे हॉबिट आणि अरण्याचे राखणदार एन्ट यांचा त्यात समावेश होतो. या सर्वांची मुख्य कथा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघालेल्या कादंबरीत येते. मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे.

हे नाव कुठल्या राज्याचे किंवा संघाचे नाही. मुक्त लोकांना एक राजा नाही, एक सेनापती नाही, लेखी तहही नाही. त्यांच्यात आहेत त्या जुन्या शपथा आणि त्याहून जुनी भांडणे. राम-सुग्रीवांचे अग्निसाक्षीने झालेले सख्य लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला शपथेचे हे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रोहान या माणसांच्या राज्याचे घोडेस्वार शेजारच्या गोंडोर राज्याच्या मदतीला धावतात ते पाचशे वर्षांपूर्वी त्यांच्या एओर्ल या पूर्वजाने दिलेल्या शब्दासाठी. उलट, ज्या डोंगरी लोकांनी इसिल्दूर या राजाला दिलेली शपथ मोडली, त्यांना मेल्यावरही सुटका मिळत नाही.

मुक्त लोक नेमके कोण, हा प्रश्न कादंबरीतच उभा राहतो. ट्रीबिअर्ड हा वयोवृद्ध एन्ट सजीवांची एक जुनी यादी तोंडपाठ म्हणतो. तिच्यात आरंभी चार मुक्त जमाती येतात : एल्फ, ड्वार्फ, एन्ट आणि माणसे. समोर उभे असलेले दोन हॉबिट त्या यादीत कुठेच नसतात. ते जागा मागतात आणि म्हातारा पुढे त्यांच्यासाठी एक नवी ओळ रचतो. प्रसंग हलकाफुलका वाटतो, पण सगळ्या संकल्पनेचे मर्म मला तिथेच दिसते. सौरॉनचा नाश ज्यांच्या हातून घडायचा, त्यांची जुन्या यादीत नोंदच नव्हती.

सौरॉनविरुद्धची एक मोठी युती दुसऱ्या युगाच्या अखेरीस झाली. एल्फ राजा गिल-गलाड आणि माणसांचा राजा एलेंडिल यांनी ३४३० मध्ये हात मिळवले, म्हणून तिला एल्फ आणि माणसांची अखेरची युती म्हणतात. दागोर्लादची लढाई जिंकल्यावर सौरॉनच्या गडाला सात वर्षे वेढा पडला. ३४४१ मध्ये सौरॉन पडला, पण दोन्ही राजेही गेले. एलेंडिलचा मुलगा इसिल्दूर याने शत्रूच्या बोटातली, त्याचे बळ जिच्यात साठवलेले होते ती मुद्रिका कापून घेतली आणि नष्ट न करता स्वतःकडे ठेवली. तलवारीने मिळवलेला विजय एका माणसाच्या मोहाने अर्धवट राहिला. तिसऱ्या युगातले लोक वेगळी वाट का धरतात, ते यातून कळते.

मुद्रिका वापरायची नाही, अग्निपर्वतात नेऊन नष्ट करायची, ही ती वाट तिसऱ्या युगाच्या ३०१८ सालच्या ऑक्टोबरात एलरॉन्ड या एल्फ अधिपतीच्या घरी भरलेल्या सभेत ठरली. सभेत जमलेले एकमेकांवर खूश मुळीच नव्हते. ड्वार्फ ग्लोइन एकेकाळी एल्फ राजाच्या कोठडीत राहून आला होता आणि त्याच राजाचा मुलगा लेगोलास समोर बसला होता. तरीही सौरॉनच्या नऊ काळ्या स्वारांना उत्तर म्हणून निवडलेल्या नऊ वाटसरूंमध्ये लेगोलास आणि ग्लोइनचा मुलगा गिम्ली दोघेही असतात. सोबत अ‍ॅरागॉर्न आणि बोरोमिर ही दोन माणसे, जादूगार गॅन्डाल्फ आणि चार हॉबिट. लेगोलास व गिम्ली यांचा दुरावा भाषणाने मिटत नाही; सोबत चालताना, सोबत लढताना हळूहळू मैत्री होते. युद्धानंतर गिम्ली मित्राबरोबर फॅनगॉर्नचे अरण्य पाहतो आणि लेगोलास गिम्लीच्या आवडीच्या गुहा. टोल्किन यांनी युतीचे जे चित्र रंगवले, त्यातला हा सर्वांत जिवंत भाग आहे.

वाचकांचे लक्ष बहुधा गोंडोरची राजधानी मिनास तिरिथच्या वेढ्यावर खिळते. पण ३०१९ च्या मार्चमध्ये उत्तरेकडेही रण पेटले होते. डेल येथे माणसांचा राजा ब्रँड आणि ड्वार्फांचा राजा डाइन शेजारी-शेजारी लढून पडले, एल्फांच्या लोरिएन अरण्यावर तीन हल्ले झाले. शेवटी सुमारे सात हजारांची सेना सौरॉनचा देश मॉर्डोर याच्या काळ्या दरवाज्याकडे निघाली. जिंकण्याइतके बळ तिच्यात नाही, हे नेत्यांना ठाऊक होते. शत्रूची नजर आपल्याकडे वळावी आणि फ्रोडो व सॅम या हॉबिटांना मुद्रिका अग्निपर्वतापर्यंत नेता यावी, एवढ्यासाठीच ते निघाले. २५ मार्च रोजी मुद्रिका नष्ट झाली.

सौरॉनच्या जागी हिटलर किंवा आपल्या इतिहासातला एखादा शत्रू बसवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. रूपककथा आपल्याला मनापासून नावडते, असे टोल्किन यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. मदत कुठून येते याचा विचार करताना मात्र ठाणेकराला आपला किल्ला आठवतोच. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे आणि बाहेरून जाणाऱ्याला दिसते ती भिंत. फौज पेशव्यांची असली तरी साद इथल्या लोकांची होती. अंजूरचे गंगाजी नाईक त्यासाठी कित्येक वर्षे खटपट करत होते. आपल्या खाड्या आणि वाटा ज्यांना ठाऊक, त्यांच्यावाचून अशा मोहिमा पार पडत नाहीत.

कादंबरीत हे काम घान-बुरी-घान करतो. तो द्रुआदान अरण्यातल्या रानवासी लोकांचा मुखिया. रोहानच्या सहा हजार स्वारांची वाट सौरॉनच्या ऑर्क सैनिकांनी अडवलेली असते, तेव्हा विसरला गेलेला एक जुना दगडी रस्ता तो त्यांना दाखवतो. बदल्यात संपत्ती मागत नाही. आम्हाला रानात सुखाने राहू द्या, जनावरांसारखी आमची शिकार करू नका, एवढेच त्याचे मागणे. म्हणजे मुक्त म्हणवणारे रोहानचे लोक आजवर तेच करत आले होते. ठाण्याजवळच्या येऊरच्या वारली पाड्यांवर ज्याची ऊठबस आहे, त्याला हे पान घाईने उलटता येत नाही.

पलीकडच्या बाजूला केवळ ऑर्क नव्हते. पूर्वेकडची आणि दक्षिणेकडच्या हाराड देशाची माणसेही सौरॉनसाठी लढली. त्यांच्यातला एक जण मरून पडलेला पाहून सॅमच्या मनात येते की हा खरोखर दुष्ट होता, की खोटे सांगून किंवा धमकावून याला घरापासून इतक्या दूर आणले? कातडीच्या रंगावरून शत्रू रंगवल्याची टीका टोल्किन यांच्यावर होते आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. सॅमचा हा प्रश्नही तितकाच लक्षात ठेवावा लागतो.

युद्धानंतर राजा झालेला अ‍ॅरागॉर्न हाराडशी तह करतो, शरण आलेल्या पूर्वेकडच्यांना सोडून देतो आणि मॉर्डोरच्या गुलामांना नूर्नेन सरोवराभोवतीची जमीन त्यांची म्हणून देतो. युद्धात पडलेला रोहानचा राजा थिओडेन याचे शव घेऊन निघालेली मिरवणूक द्रुआदानपाशी येते तेव्हा रानातून ढोल वाजू लागतात, माणूस मात्र एकही दिसत नाही. हे अरण्य घान-बुरी-घान आणि त्याच्या लोकांचे आहे, त्यांच्या परवानगीवाचून यापुढे कोणी आत पाऊल टाकायचे नाही, अशी दवंडी पिटली जाते. ढोल एकदा जोरात वाजतात आणि थांबतात.