ऑर्डेट

ऑर्डेट (‘शब्द’) : श्रद्धा आणि संशय यांच्या संघर्षावरील अभिजात डॅनिश चित्रपट (१९५५). दिग्दर्शक कार्ल थेओडोर ड्रायर (१८८९–१९६८). पॅलाडियम या चित्रसंस्थेची निर्मिती. कृष्णधवल, लांबी सुमारे दोन तास. छायालेखन हेनिंग बेंटसन यांचे. व्हेनिस महोत्सवात १९५५ साली यास ‘सुवर्णसिंह’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

चित्रपटाचा आधार काई मुंक (१८९८–१९४४) यांचे याच नावाचे नाटक. मुंक हे पश्चिम जटलंडमधील वेदरसो या गावचे ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होते. जर्मनव्याप्त डेन्मार्कमध्ये नाझींविरुद्ध जाहीरपणे बोलल्यामुळे जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोने त्यांची हत्या केली. नाटकाचे लेखन साधारणतः १९२५ चे मानतात. ते रंगभूमीवर आले १९३२ मध्ये, कोपनहेगन येथे. ब्यर्न्सन या नॉर्वेजियन नाटककाराच्या १८८३ मधील एका नाटकाला मुंक यांनी हे उत्तर दिले, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या नाटकात धर्मोपदेशकाच्या प्रार्थनेने अंथरुणाला खिळलेली पत्नी उठून चालू लागते, पण लगेच कोसळून मरते आणि पाठोपाठ तोही. मुंक यांच्या कथेत मृत्यू आधी येतो आणि चमत्कार नंतर. हा उलटा क्रम योगायोगाचा वाटत नाही. स्वीडिश दिग्दर्शक गुस्ताव मोलांडर यांनी १९४३ मध्येच या नाटकावर चित्रपट केला होता. त्यात वृद्ध पित्याची भूमिका व्हिक्टर स्येस्ट्रम यांनी केली.

कथेतील धार्मिक तंटा नास्तिक-आस्तिकांचा नाही, एकाच चर्चमधील दोन प्रवाहांचा आहे. शेतमालक मॉर्टेन बॉर्गेन हा डॅनिश धर्मोपदेशक व विचारवंत ग्रुंटव्हिग (१७८३–१८७२) यांच्या विचारांचा. ऐहिक जीवनाचा आनंद हाही श्रद्धेचाच भाग मानणारा. पीटर शिंपी ‘इंद्रे मिशन’ या कडक, पश्चात्तापावर भर देणाऱ्या पंथाचा. मॉर्टेनचा धाकटा मुलगा आणि शिंप्याची मुलगी यांच्या लग्नाला दोन्ही बाप नकार देतात. थोरला मिकेल श्रद्धा गमावून बसलेला, तर मधला योहान्नेस स्वतःलाच येशू समजणारा. मिकेलची पत्नी इंगर हीच या घराला सांधून ठेवते. प्रसूतीत तिचे मूल दगावते आणि पुढे तीही मरण पावते. अंत्यविधीच्या वेळी घर सोडून गेलेला योहान्नेस वेड ओसरून परत येतो. तिला परत मागण्याचे कोणाच्याच मनात कसे आले नाही, असे तो जमलेल्यांना सुनावतो. इंगरच्या लहान मुलीचा मात्र त्याच्यावर पूर्ण विश्वास असतो. तो शब्द उच्चारतो आणि शवपेटिकेतील इंगरचे हात हलतात.

या शेवटच्या प्रसंगावर सर्वाधिक चर्चा झाली आहे. मुंक यांच्या नाटकात मृत्यूची नीट खातरजमा झालीच नसावी, अशा शंकेला थोडी फट आहे. ड्रायर यांनी ती बुजवली. योहान्नेसच्या वेडामागील प्रेयसीच्या मृत्यूची पार्श्वभूमीही त्यांनी गाळली आणि तेथे केवळ डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉरचे अध्ययन ठेवले. इंगर खरोखर मेली नव्हती, हे मत त्यामुळे चित्रपटातील पुराव्यावर टिकणे कठीण. पुनरुत्थान शब्दशः घ्यावे, हेच मत अधिक ग्राह्य दिसते. स्वतः ड्रायर यांनी आइन्स्टाइननंतरच्या विज्ञानाचा दाखला देऊन धर्म व विज्ञान परस्परांच्या जवळ येत असल्याचे मांडले होते. मात्र चित्रपटाची ताकद त्या युक्तिवादात शोधू नये. चित्रपटातील डॉक्टर व धर्मोपदेशक हे दोघेही आधुनिक चमत्काराविषयी साशंक आहेत, आणि त्यातही धर्मोपदेशकाचा संशय अधिक बोचतो, कारण चमत्कारांवर प्रवचन देणे हाच त्याचा व्यवसाय. जिवंत झालेली इंगर पतीला घट्ट मिठी मारते. तिच्या ओठांवर, गालांवर शरीराची ओढ स्पष्ट दिसते. मिकेलला श्रद्धा परत मिळते ती या देहासह, देहाला वगळून नव्हे. ग्रुंटव्हिगच्या अनुयायांना हे आवडावे असेच आहे.

शैली अत्यंत संथ. संपूर्ण चित्रपटात दृश्यखंड (शॉट) जेमतेम ११४ च्या आसपास भरतात, म्हणजे एकेक सरासरी मिनिटभराहून लांब. कॅमेरा खोलीतून आडवा सरकत पात्रांमागे जातो. योहान्नेस व लहानगी यांच्या संवादात तो दोघांभोवती कमानीसारखा फिरतो, आणि ती दोघे स्थिर राहून मागची खोलीच सरकत असल्याचा भास होतो. डॉक्टरच्या गाडीचे दिवे भिंतीवरून सरकतात तेव्हा योहान्नेसला विळाधारी मृत्यू दिसतो. इतरांना फक्त उजेड. संशय आणि श्रद्धा एकाच चौकटीत ठेवण्याची ही रीत संवादांपेक्षा प्रभावी आहे. बाह्यचित्रण वेदरसो येथेच झाले.

प्रमुख भूमिका : हेन्रिक मालबर्ग (मॉर्टेन), एमिल हास क्रिस्तेन्सन (मिकेल), प्रेबेन लेर्डोर्फ रू (योहान्नेस), बिर्गिटे फेडरस्पील (इंगर). फेडरस्पील चित्रीकरणाच्या काळात प्रत्यक्ष गरोदर होत्या. कार्लोस रेगादास या मेक्सिकन दिग्दर्शकाच्या २००७ मधील चित्रपटाचा शेवट ‘ऑर्डेट’च्या शेवटाशी उघड नाते सांगतो.