आपली लोकल दहा स्टड रुंद का लागते : ठोकळ्यांच्या आगगाडीची पार्श्वभूमी

ठाण्यात चरईतल्या आमच्या इमारतीत सहावीतल्या एका मुलाने दिवाळीच्या सुट्टीत ठोकळ्यांची लोकल बांधली. पांढरा-जांभळा रंग, मोटरमनची काच, टपावर तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ, सगळं जागच्या जागी. त्याचे आजोबा मोटरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी गाडी हातात घेतली, समोरून निरखली आणि म्हणाले, "बाळा, सुरेख झालीय. पण ही आपली गाडी नाही. आपली लोकल अंगाने रुंद असते." पोराचा चेहरा उतरला. त्याने फोटो बघून, पट्टे मोजून गाडी बांधली होती. मग चूक कुठे झाली?

चूक त्याची नव्हती. लेगो ठोकळ्यांच्या आगगाडीचे रूळ 1966 साली डेन्मार्कमध्ये ठरले आणि आपल्या रेल्वेचे रूळ त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधी. हे दोन निर्णय एकत्र आले की गाडीची रुंदी आपोआप ठरते. ती कशी, हे कळायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

बिलुंड या डॅनिश गावात ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने 1932 साली लाकडी खेळणी बनवायला घेतली. त्यात लाकडी आगगाड्याही होत्या. 1934 मध्ये त्याने 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून लेगो हे नाव तयार केलं. 1949 मध्ये प्लॅस्टिकचे ठोकळे आले. त्यांचा नमुना ब्रिटनमधल्या हिलरी पेज यांच्या किडिक्राफ्ट ठोकळ्यांवरून घेतलेला होता. ते ठोकळे एकावर एक बसत, पण घट्ट धरत नसत. 28 जानेवारी 1958 ला ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला, तिच्यात ठोकळ्याच्या पोटात नळ्या आल्या. वरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, त्या नळ्यांमध्ये दाबून बसू लागले. घर बांधणाऱ्या मुलाला याचं फार अप्रूप वाटणार नाही, कारण घर जागचं हलत नाही. आगगाडी मात्र वळणावर थरथरते, सांध्यावर उसळते, तिचे डबे एकमेकांना ओढतात. ती पकड नसती तर दुसऱ्याच फेरीत टप उडून पडला असता.

1960 मध्ये लाकडी खेळण्यांच्या विभागाला आग लागली आणि कंपनीने लाकूड कायमचं सोडलं. 1962 मध्ये चाक आलं. 1963 पासून जुन्या, वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या जागी एबीएस हे टणक प्लॅस्टिक आलं. पकड, चाक आणि न वाकणारं प्लॅस्टिक या तिन्ही गोष्टी जमल्यावर 1966 मध्ये पहिली आगगाडी रुळावर आली.

ते रूळ निळे होते, स्लीपर पांढरे. दोन रुळांमधलं अंतर सुमारे साडेसदतीस मिलिमीटर. हे अंतर नंतर कधीच बदललं नाही. 1966 चा डबा आजच्या रुळावर ठेवला तर तो धावतो. बदलत राहिली ती वीज, आणि या हौसेतली निम्मी सुखदुःखं त्या विजेचीच आहेत.

पहिल्या गाडीत साडेचार व्होल्टची बॅटरी डब्यातच बसायची. सेल उतरले की गाडी उभी. 1969 मध्ये 12 व्होल्टची पद्धत आली. रुळांच्या मधोमध वीजवाहक पट्ट्या टाकायच्या आणि मोटरीच्या पोटाखालचे स्पर्शक त्यांवरून घासत वीज घेणार. भिंतीतल्या प्लगला ट्रान्सफॉर्मर, त्यावर वेग कमीजास्त करायची मूठ. 1980 मध्ये याच पद्धतीला करड्या रुळांचा नवा अवतार मिळाला. मला विचाराल तर आजवरचा सर्वांत श्रीमंत काळ तोच. सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे रूळ, विजेवर बदलत, सिग्नल लाल-हिरवे होत, फाटक खाली येई, डबे दुरून सुटे करता येत, आणि हे सारं ट्रान्सफॉर्मरशेजारी ओळीने मांडलेल्या बटणांवर. मुलगा मोटरमन व्हायचा तसाच केबिनमन आणि स्टेशनमास्तरही व्हायचा. नंतरच्या कुठल्याही पद्धतीत कंपनीने हे सगळं एकत्र पुन्हा दिलं नाही.

1991 मध्ये मधल्या पट्ट्या गेल्या आणि वीज थेट रुळांतून आली. 9 व्होल्ट, प्लॅस्टिकच्या रुळावर धातूचा पत्रा. दिसायला ही गाडी सर्वांत खरी होती, कारण मधे काहीच नव्हतं. सेल बदलायचे नाहीत, गाडी तासन्‌तास फिरे. अडचणीही होत्या. गाडी वळून उलट तोंडाने त्याच मार्गावर येईल असा लूप केला की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होतं. सांधे हातानेच बदलावे लागत. धूळ आणि दमट हवेने धातूवर काळपट थर बसतो, गाडी अडखळते, आणि रूळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसत बसावं लागतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे काम रोजचंच.

2006 मध्ये कंपनीने पुन्हा बॅटरी गाडीत नेली. रूळ पूर्ण प्लॅस्टिकचे, नियंत्रण टीव्हीच्या रिमोटसारखं इन्फ्रारेड. 9 व्होल्टची गाडी त्यानंतर लवकरच बंद झाली. 2009 मध्ये पॉवर फंक्शन्सच्या मोटरी गाड्यांत आल्या, आणि 2018 मध्ये ब्लूटूथवर चालणारी पॉवर्ड अप पद्धत. आज मोबाइलवरून गाडी हाकता येते, पण पुन्हा डब्यात सहा सेल बसवून.

हे वाचताना ठाण्याच्या माणसाला काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. आपल्या खऱ्या लोकलनेही विजेचं असंच स्थित्यंतर पाहिलं आहे. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला ही हार्बर मार्गावरची पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. पुढे 25 हजार व्होल्ट एसीकडे जायचं ठरलं, तेव्हा गाड्या बंद ठेवून ते करणं शक्यच नव्हतं. म्हणून दोन्ही विजेवर चालणारे रेक, म्हणजे डब्यांचे पूर्ण संच, आणले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं काम जून 2015 मध्ये संपलं, हार्बरवरचं एप्रिल 2016 मध्ये. ती सगळी वर्षं आपण ठाण्याहून डोंबिवलीला, दादरला जात राहिलो. डोक्यावरची वीज बदलतेय हे बहुतेकांना कळलंही नाही. रेल्वेने जुना प्रवासी मागे ठेवला नाही. खेळण्याच्या बाबतीत तसं घडलं नाही. 12 व्होल्टचं ज्यांनी जमवलं त्यांचं 1991 नंतर थांबलं, 9 व्होल्टवाल्यांचं 2006 नंतर. धातूचे रूळ आणि ती मोटर जुन्या बाजारात चढ्या भावाने शोधायची वेळ त्यांच्यावर आली.

या तुटलेपणातूनच मोठ्यांची हौस उभी राहिली. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन या तरुणाने 1995 मध्ये एलड्रॉ नावाची संगणकप्रणाली लिहिली. तिच्यात ठोकळे पडद्यावर जोडून पाहता येत. 1997 मध्ये तो अकाली गेला. त्याने ती मोकळी ठेवली होती, म्हणून इतरांनी ती वाढवत नेली. हाताशी एकही ठोकळा नसताना गाडी आखता येणं, ही आपल्यासारख्या देशातल्या माणसासाठी फार मोठी सोय आहे. 2000 साली ब्रिकलिंक ही सुट्या ठोकळ्यांची ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली, आणि पूर्ण संच न घेता नेमके हवे तेवढेच चार जांभळे ठोकळे मागवता येऊ लागले. 2019 मध्ये ती लेगोनेच विकत घेतली. मूळ ठोकळ्याच्या पेटंटांची मुदत संपलेली होती, आणि ठोकळ्याचा आकार हा ट्रेडमार्क असल्याचा लेगोचा दावा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि युरोपच्या न्यायालयाने 2010 मध्ये फेटाळला. त्यामुळे जुळणारे भाग बनवायला इतरांना वाट मोकळी झाली. बंद पडलेले धातूचे रूळ आज एफएक्स ब्रिक्स ही दुसरी कंपनी नव्याने बनवते.

आपल्याकडे या वाटेवर जकातीचा चढ आहे. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70 टक्के. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) प्रमाणपत्रही सक्तीचं झालं. त्यामुळे ठाण्यात एखाद्याकडे लांबलचक मार्ग दिसला, तर तो सहसा वाढदिवसा-वाढदिवसाने, परदेशातून येणाऱ्या मावशी-काकांच्या बॅगांमधून जमलेला असतो.

आता आजोबांच्या आक्षेपाकडे.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून 14 डबे आणि सुमारे 400 निमंत्रित घेऊन जी गाडी ठाण्याला आली, ती साडेपाच फुटी रुळांवरून आली. युरोपात बव्हंशी चार फूट साडेआठ इंच, म्हणजे 1435 मिलिमीटरचं अंतर रुजलं होतं. आपल्याकडे लॉर्ड डलहौसीला तर सहा फूट हवे होते, अखेर साडेपाचावर शिक्कामोर्तब झालं. ते 1676 मिलिमीटर. ठाण्याच्या फलाटावर उभं राहून रुळांकडे पाहिलं की दिसतं ते हेच, 1853 पासूनचं अंतर.

खेळण्याचे साडेसदतीस मिलिमीटर म्हणजे आपले 1676, असं धरलं तर प्रमाण निघतं साधारण एकास 44.7. ठोकळ्याचा एक स्टड 8 मिलिमीटरचा. संचातल्या गाड्या बहुतेक सहा स्टड रुंद असतात. मोठे हौशी लोक त्या आठ स्टडच्या बांधतात, कारण सहाची गाडी रुळांच्या मानाने फारच बारीक दिसते. आमच्या मुलानेही आठचीच बांधली होती. आठ स्टड म्हणजे 64 मिलिमीटर, त्याला 44.7 ने गुणा : 2.86 मीटर. ही जवळजवळ तंतोतंत युरोपातल्या डब्याची रुंदी आहे! मुंबईची लोकल 3.66 मीटर रुंद असते. म्हणजे पोराच्या गाडीत 80 सेंटिमीटर कमी पडत होते. ठाण्याहून सकाळी जाणाऱ्याला त्या 80 सेंटिमीटरची किंमत सांगायला नको. तेवढ्यातच तर तिघांच्या बाकावर तिसरा नीट टेकतो आणि चौथी सीट मिळते. आजोबांनी उभा जन्म ज्या गाडीच्या तोंडाशी काढला, तिची रुंदी त्यांच्या नजरेत बसली होती. दहा स्टड घेतले की 3.58 मीटर होतात. म्हणून आपली लोकल दहा स्टडचीच हवी.

रुंदी सुटली की लांबी पुढे येते. डबा साधारण 20 मीटरचा, म्हणजे या प्रमाणात 45 सेंटिमीटर. बारा डब्यांचा रेक साडेपाच मीटरच्या आसपास जातो. आपल्या टू-बीएचकेचा हॉल तेवढा नसतो. त्याहून मोठी अडचण वळणाची. संचातले सोळा वक्र तुकडे जोडले की एक वर्तुळ होतं, बाहेरून बाहेर सुमारे 70 सेंटिमीटर. जेवणाच्या टेबलावर मावतं. पण त्याची त्रिज्या 32 सेंटिमीटर, खऱ्या मापात चौदा-साडेचौदा मीटर. ब्रॉडगेजवर आपल्याकडे सर्वांत तीव्र वळण 10 अंशांचं चालतं, त्याची त्रिज्या 175 मीटर. ते खेळण्यात आणायचं तर जवळजवळ चार मीटर त्रिज्या लागेल. 45 सेंटिमीटरचा डबा त्या छोट्या वर्तुळात घातला की पोट आत घुसतं, टोकं बाहेर झुलतात आणि शेजारच्या मार्गावरच्या गाडीला घासतात. म्हणून आता दुप्पट-अडीचपट त्रिज्येचे रूळ इतर उत्पादक विकतात. ज्यांना ते परवडत नाहीत ते डबा आखूड करतात. प्रत्येक दारामागे एक खिडकी कमी केली तरी लोकल लोकलसारखीच दिसते. दार मात्र कमी करायचं नाही. दारांवरूनच तर ती ओळखू येते.

नवी मुंबईकरांना एक पर्याय सोपा आहे. 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो 1435 मिलिमीटरच्या रुळांवर धावते, डबे तीनच. त्यामुळे ती हॉलमध्ये सहज मावते. ठाणे-वाशी-पनवेल ट्रान्सहार्बरवर जानेवारी 2020 मध्ये आलेली वातानुकूलित (एसी) लोकल बांधायची तर मात्र पुन्हा दहा स्टड, कारण रूळ तेच साडेपाच फुटी.

आमच्या इमारतीतल्या मुलाने जुनी गाडी मोडली. दहा स्टडची समोरची बाजू त्याने आधी संगणकावर आखली. मधल्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टड वाढवायचा, म्हणजे तोंड ताणल्यासारखं दिसत नाही, हे आजोबांनी सांगितलं. जांभळ्या रंगाचे ठोकळे मोजक्याच आकारांत मिळतात, म्हणून पट्टा दोन थरांचा न करता एकाच थराचा केला. डबे तीन : मोटरमनचा, मधला आणि मागे गार्डाचा. मोटर मधल्या डब्यात ठेवली, कारण वळणावर पुढचा डबा हलका असलेला बरा. पुढच्या दिवाळीत ही गाडी अंगणातल्या किल्ल्याभोवती फिरणार आहे. रुळांखाली माती जाऊ नये म्हणून आजोबांनी प्लायवूडची फळी आत्तापासूनच कापून ठेवली आहे, एक मीटर गुणिले दीड मीटर.