डिस्कमध्ये आहे, खेळात नाही

नोव्हेंबर २०२१ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे तीन जुने भाग नव्याने रंगरंगोटी करून बाजारात आले. नवे चेहरे आणि पांढऱ्या रेघांचा पाऊस यांची टिंगल सुरू होते न होते, तोच पीसीवरची आवृत्ती विक्रीवरून उतरवावी लागली. काही फाइल्स नजरचुकीने आत राहिल्या, असं कारण कंपनीने दिलं. फाइल्स उकलून पाहणाऱ्यांना आत प्रोग्रॅमरांच्या टिपा मिळाल्या, नव्या आवृत्तीतून वगळलेली गाणी मिळाली आणि 'हॉट कॉफी'चा, म्हणजे 'सॅन अँड्रियास' या भागात बंद करून ठेवलेल्या एका प्रणयप्रसंगाचा, कोडही मिळाला. त्याआधी सोळा वर्षं, २००५ मध्ये, याच कोडवरून दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ठराव झाला होता.

खेळाच्या आत आहे, पण खेळणाऱ्याला दिलेलं नाही, अशा मजकुराचा हा जुना वाद आहे. ओपन-वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या शहरात हवं तसं फिरू देणाऱ्या, खेळांत तो उशिरा आला, फायटिंगच्या खेळांत मात्र त्याची मुळं पहिल्या पिढीपर्यंत जातात. 'स्ट्रीट फायटर टू'मधला (१९९१) कॉम्बो मुळात कुणी ठरवून केलेला नव्हता. गाडी फोडायचा बोनस टप्पा तपासताना निर्मात्याच्या लक्षात आलं की एका फटक्याला लागूनच दुसरा बसतो. एवढ्या अचूक वेळेवर बटण कोण दाबणार, म्हणून ते तसंच राहू दिलं. आज कॉम्बोशिवाय फायटिंग गेमची कल्पनाही होत नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या पहिल्या भागाबद्दलही (१९९७) असंच सांगतात. मूळ योजना गाड्यांच्या शर्यतीची होती. चाचणीत पोलिसांच्या गाड्या बिघाडामुळे खेळाडूला येऊन धडकू लागल्या आणि खेळात जान आली.

या राहिलेल्या गोष्टी होत्या. लपवलेल्या गोष्टी 'मॉर्टल कॉम्बॅट'ने (१९९२) आणल्या. 'द पिट' या पुलावरच्या लढतीत मागच्या चंद्रावरून सावल्या सरकत असतील, त्या वेळी एकही फटका न खाता आणि ब्लॉकचं बटण न दाबता दोन्ही फेऱ्या जिंकायच्या आणि वर फेटॅलिटी, म्हणजे हरलेल्याला ठार करणारा शेवटचा घावही, करायची. मग पुलाखालच्या खड्ड्यात हिरव्या पोशाखातला रेप्टाइल हा लपवलेला निन्जा समोर यायचा. शंभरातल्या एखाद्यालाच हे जमायचं. पण जमतं एवढं कळल्यावर बाकीचे नाणी टाकतच राहिले.

याच मशीनच्या हिशेबाच्या पडद्यावर रेप्टाइलच्या आकड्यांजवळ 'अर्मॅक्स' अशी एक नोंद होती. ती प्रोग्रॅमरांनी चुका मोजण्यासाठी ठेवलेली होती, पण आणखी एक लपलेला निन्जा आहे आणि तो लाल रंगाचा आहे, अशी वदंता पसरली. पुढच्या भागात निर्मात्यांनी तिची थट्टा केली आणि 'अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३'मध्ये (१९९५) हार मानून अर्मॅकला खरोखरच आणलं. मेलेल्या अनेक योद्ध्यांच्या आत्म्यांचा मिळून झालेला एक देह, अशी कथाही त्याला दिली. या मालिकेच्या कथेची जी खिल्ली उडवली जाते, तिच्यातलं निम्मं कथानक असंच मागून चिकटवलेलं आहे. तरी ते चांगलं चिकटलं, हे मान्य करायला हवं.

सप्टेंबर १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' घरच्या कन्सोलवर आला तेव्हा एका कंपनीने रक्ताऐवजी घाम दाखवला आणि फेटॅलिटी सौम्य केल्या. दुसऱ्या कंपनीच्या, म्हणजे सेगाच्या, मशीनवर रक्त ठेवलं, पण कुलपात. सुरुवातीला योद्ध्यांच्या आचारसंहितेबद्दलचा मजकूर पडद्यावर असताना ए, बी, ए, सी, ए, बी, बी अशी बटणं दाबली की कुलूप उघडायचं. आचारसंहितेच्याच पानावर रक्ताची किल्ली ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. कोड मासिकांतून छापून आला, शाळाशाळांतून पसरला आणि सेगाची आवृत्ती जास्त खपली. डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. सरकारने कायदा करण्याआधी आपणच काहीतरी करावं म्हणून उद्योगाने १९९४ मध्ये वयानुसार मानांकन देणारी स्वतःची संस्था उभी केली. तेव्हा कुलपातलं रक्त हा मुद्दा कुणी फारसा ताणला नाही. किल्ली कंपनीनेच दिली होती, त्यामुळे कुलपाआडचं सगळं खेळातच धरलं गेलं.

कुलूप आहे, पण किल्ली कुणालाच दिलेली नाही, अशी स्थिती आली की काय करायचं, हे मात्र ठरलं नव्हतं.

'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा 'सॅन अँड्रियास' हा भाग ऑक्टोबर २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. १९९२ साली आईच्या अंत्यविधीसाठी सीजे लॉस सांटोसला परततो आणि गल्लीतल्या टोळीच्या भानगडीत पुन्हा अडकतो, ही कथा इथे नव्याने सांगायची गरज नाही. वादाशी संबंध आहे तो सीजेच्या मैत्रिणींचा. त्या एकूण सहा. प्रत्येकीला फिरायला न्यायचं, जेवायला न्यायचं, नातं टक्क्यांत वाढत जायचं. हे नुसतं सजावटीला नव्हतं. नर्स असलेल्या केटीशी सूत जमलं की इस्पितळातून बाहेर पडताना हत्यारं जप्त होत नाहीत. पोलिसातल्या बार्बराशी जमलं की अटकेनंतरही ती हातात राहतात. भेट संपताना मैत्रीण कधीकधी कॉफीला घरात बोलावते. कॅमेरा बाहेरच थांबतो, घर हलतं, आतून आवाज येतात आणि प्रसंग संपतो.

आत काय चालतं याचा एक छोटा खेळ बनवलेला होता. पुढे त्यालाच 'हॉट कॉफी' म्हणू लागले. बटणांच्या तालावर खेळायचा, हालचाली ओबडधोबड आणि एकंदरीत हास्यास्पदच. मानांकन हातचं जाईल म्हणून तो बंद केला गेला, पण काढला नाही. एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममधून तयार झालेला भाग उपटायचा तर दुसरं काहीतरी मोडायची भीती असते. म्हणून प्रोग्रॅमर तो तिथेच ठेवतात आणि तिकडे जाणारी वाट बंद करतात. धंद्यातली ही रोजची सवय आहे.

जून २००५ मध्ये पीसी आवृत्ती आली आणि दोनच दिवसांत नेदरलँड्समधल्या एका हौशी प्रोग्रॅमरने ती बंद वाट उघडणारी छोटी फाइल इंटरनेटवर टाकली. तिच्यात त्याने नवीन काहीच घातलं नव्हतं. स्क्रिप्टमधली एक खूण बदलली होती, इतकंच. कंपनीने सुरुवातीला सगळं खापर हॅकरांवर फोडलं. आमच्या खेळाची मोडतोड करून त्यांनी हा प्रसंग उभा केला, असा तिचा सूर होता. ही बाजू काही आठवड्यांत कोसळली, कारण प्लेस्टेशनवाल्यांनी चीट-डिव्हाइस, म्हणजे खेळातल्या खुणा बदलू देणारं उपकरण, लावून तोच प्रसंग आपापल्या डिस्कमधून काढून दाखवला. प्लेस्टेशनच्या छापील डिस्कमध्ये बाहेरचा कुणी काही भरू शकत नाही.

माझ्या मते कंपनीचं खरं नुकसान या खुलाशाने केलं. बंद केलेला भाग राहून गेला, चूक झाली, असं पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर प्रकरण कदाचित एका पॅचवर मिटलं असतं. खोटं उघडं पडल्यावर मानांकन संस्थेलाही आपली पत वाचवणं भाग पडलं.

२० जुलै २००५ रोजी 'सॅन अँड्रियास'चं मानांकन बदललं. आधी ते 'एम' म्हणजे १७ वर्षांवरील होतं, आता ते 'एओ' म्हणजे १८ वर्षांवरील झालं. कागदावर एका वर्षाचा फरक, धंद्याच्या हिशेबाने मरणाचा. कारण मोठ्या साखळी दुकानांत 'एओ' खेळ ठेवतच नसत आणि कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या अशा खेळाला आपल्या यंत्रावर परवानगीच देत नसत. उत्पादन थांबलं, डिस्क परत आल्या आणि कुलपासकट तो भाग काढून नवी 'एम' आवृत्ती छापावी लागली. परताव्यांचा खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर झाला. ऑस्ट्रेलियात मानांकनच रद्द झालं, म्हणजे दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत विक्रीवर बंदीच. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ३५५ विरुद्ध २१ मतांनी चौकशीचा ठराव केला. न्यूयॉर्कच्या ८५ वर्षांच्या एका आजीबाईंनी दावा लावला, की हा खेळ मी नातवासाठी घेतला होता आणि माझी फसवणूक झाली. नातवाचं वय १४. म्हणजे वाद सुरू होण्याआधीचं १७ वर्षांचं मानांकनही आजीबाईंनी पाहिलेलं नव्हतं.

हा निर्णय बरोबर होता का, यावर अजून एकमत नाही. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. पालक डिस्क विकत घेतो आणि त्या डिस्कवर काय आहे ते त्याला आधी कळायला हवं. विरोधात बोलणारे म्हणतात, की वाहत्या रस्त्यावर माणसं चिरडणं, टोळीयुद्ध आणि पोलिसांवर गोळीबार १७ वर्षांच्या मुलाला चालतात. आणि बाहेरून फाइल आणून, स्वतः खटपट करून उघडावा लागणारा एक अडाणी प्रसंग मात्र १८ शिवाय चालत नाही, यात नेमकं कोणतं माप लावलं? मला दुसरी बाजू जड वाटते. पुढे 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४'च्या एका विस्तारात (२००९) पूर्ण नग्न पुरुष उघड उघड दाखवला आणि मानांकन 'एम'च राहिलं. फरक एवढाच, की तो आधी कळवलेला होता. म्हणजे प्रश्न दृश्याचा नव्हताच, कळवण्याचा होता. मग शिक्षाही न कळवण्याची हवी होती, त्यासाठी वयाची पट्टी हलवायचं कारण नव्हतं. ग्राहकांचं म्हणाल, तर सामूहिक दाव्याच्या तडजोडीत भरपाई मागायला २७०० माणसंसुद्धा पुढे आली नाहीत. खेळाच्या प्रती मात्र एक कोटीच्या वर खपलेल्या होत्या.

त्यानंतर मानांकन संस्थेने नियम घट्ट केला. मानांकनावर परिणाम होऊ शकेल असं जे जे डिस्कवर असेल, ते कुलपात असो वा नसो, अर्जात सांगायचं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने हिंसक खेळ अल्पवयीनांना विकण्यावर कायदा केला, तो २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४'मध्ये मैत्रिणीने घरात बोलावल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्याचं नाव निर्मात्यांनी 'वॉर्म कॉफी' ठेवलं. चिडवायची हौस गेली नव्हती.

आपल्याकडे या गदारोळाचा फारसा पत्ता नव्हता. ज्या पिढीने पार्लरमध्ये 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला त्यातल्या पात्रावरून सरळ 'मुस्तफा' म्हटलं, तिच्या धाकट्या भावंडांनी सायबर कॅफेत 'व्हाइस सिटी' आणि मग 'सॅन अँड्रियास' खेळला. तोही बहुधा पेनाने नाव लिहिलेल्या सीडीवरून. मानांकनाचं चिन्ह असलेला खोका पाहिलाच कुणी? वहीच्या शेवटच्या पानावर पॅन्झर, ॲस्पिरिन, लीव्हमीअलोन आणि हेसोयाम हे कोड लिहिलेले असायचे. मिशन कुणी करायचं नाही, रणगाडा मागवायचा आणि पोलिसांचे तारे वाढवत बसायचं. गंमत अशी, की मॉड, म्हणजे हौशी लोकांनी खेळात केलेले बदल, बसवणाऱ्यांना आजही ती पहिली, वादग्रस्त पीसी आवृत्तीच हवी असते. नंतरच्या दुरुस्त आवृत्तीत कुलूप काढताना मॉडसाठीची दारंही बंद झाली. विकत घेतलेली नवी प्रत जुनी करून देणारे छोटे प्रोग्रॅम त्यासाठीच फिरतात.

२०१२ मध्ये हाच प्रश्न फायटिंगच्या खेळात उलटा होऊन आला. 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन'ची डिस्क उघडणाऱ्यांना आत बारा जादा लढवय्ये तयार सापडले. मार्चमध्ये खेळ विकत घ्यायचा आणि पुढे सुमारे वीस डॉलर भरून आपल्याच डिस्कमधले बारा जण सोडवून आणायचे, असा तो बेत होता. कंपनीचं कारण अगदीच पोकळ नव्हतं. ज्याने ते घेतले आणि ज्याने घेतले नाहीत ते दोघं ऑनलाइन लढणार असतील, तर दोघांच्याही यंत्रात त्यांची माहिती आधीच असावी लागते. पण ग्राहक तक्रार संस्थेला कंपनीने जे कळवलं त्याने लोक भडकले. मजकूर डिस्कवर कुलपात असला काय आणि नंतर डाउनलोड झाला काय, आमच्या लेखी दोन्ही सारखंच, असा त्या उत्तराचा आशय होता.

आता हे २००५ शेजारी ठेवून पाहा. डिस्कवरचं सगळं तुम्हीच विकलं आहे, मग ते उघडता येवो न येवो, असं मानांकनवाले म्हणाले होते. डिस्कवर आहे म्हणून तुम्हाला विकलं असं होत नाही, असं २०१२ मध्ये विक्रेता म्हणत होता. एक प्रश्न पालकाला माहिती देण्याचा, दुसरा मालकीचा, हे कबूल. तरी दोन्हीकडे दुखणं ग्राहकाला झालं आणि व्याख्या दुसऱ्याच कुणीतरी केली. बोभाटा झाल्यावर कंपनीने धोरणाचा फेरविचार करू म्हटलं, आणि कुलूपबंद डिस्कची ती पद्धत हळूहळू मागे पडली. यात लोकांच्या रागापेक्षा वेगवान इंटरनेटचा हात मोठा असावा.

कारण आता डिस्कवर ठेवायची गरजच उरली नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'टेकन ८' आला. परीक्षणं छापून झाली, लोकांनी पैसे मोजले आणि महिन्याभराने खेळात पोशाखांचं सशुल्क दुकान उघडलं. पहिल्या दिवशीच्या फाइल्स कुणी कितीही उकलल्या तरी दुकानाच्या पाटीवरचे भाव त्यांत मिळाले नसते. 'स्ट्रीट फायटर'मधला अकुमा हा लपवलेला लढवय्या १९९४ मध्ये पात्रनिवडीच्या पडद्यावर ठरावीक चेहऱ्यांवर ठरावीक क्रमाने थांबून, शेवटी स्टार्टबरोबर तिन्ही ठोशांची बटणं दाबून मिळायचा. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये त्याचं नाव पहिल्या वर्षाच्या विक्रीच्या यादीत आधीच जाहीर होतं, आणि मे २०२४ मध्ये तो आला.