एजवूड आणि अलामो हाइट्स : टेक्सासमधल्या शाळांच्या पैशाचा वाद कुठून आला

टेक्सासच्या विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शाळांच्या पैशाचा वाद निघतोच. आमच्या घरपट्टीचा पैसा दुसऱ्या गावच्या शाळेला का, असं एक बाजू विचारते. दुसरी विचारते, आमच्या हद्दीत महागडी घरं नाहीत, यात आमच्या पोरांचा काय दोष? या भांडणाचं मूळ सॅन अँटोनियो या एकाच शहरातल्या एजवूड आणि अलामो हाइट्स या दोन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आहे.

डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. ते शाळा चालवणारं स्वतंत्र, निवडून आलेलं मंडळ असतं आणि आपल्या हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर ते स्वतः कर बसवतं. राज्य त्यात आपली भर घालतं. त्यामुळे हद्दीची रेघ कुठून जाते, यावर शाळेची तिजोरी ठरते. डॅलस-ऑस्टिनकडे घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांतही ‘डिस्ट्रिक्ट कुठलं?’ हा प्रश्न आधी येतो, तो याचमुळे.

१६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. फुटक्या खिडक्या, घाणेरडी स्वच्छतागृहं, अपात्र शिक्षक अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मागोमाग पालक एकत्र आले. त्यांतले डेमेट्रिओ रॉड्रिगेज केली हवाई तळावर पत्राकाम करणारे कामगार, स्वतः माजी सैनिक. त्यांची मुलं ज्या शाळेत जात होती, तिचा वरचा मजला धोकादायक म्हणून बंद होता. आर्थर गॉकमन या वकिलांच्या मदतीनं पालकांनी त्याच जुलैत संघीय न्यायालयात दावा लावला.

या दाव्यातले १९६७-६८ चे आकडे आजही वाचवत नाहीत. एजवूडमध्ये सुमारे २२,००० मुलं, त्यांतली ९० टक्के मेक्सिकन वंशाची. करपात्र मालमत्ता मुलामागे ५,९६० डॉलर. श्रीमंत वस्तीच्या अलामो हाइट्समध्ये मुलं सुमारे ५,००० आणि मालमत्ता मुलामागे ४९,००० डॉलरहून जास्त. शंभर डॉलरमागे एक डॉलर कर दोन्हीकडे लावला, तर एजवूडला मुलामागे साठ डॉलरही सुटत नाहीत, अलामो हाइट्सला ४९० सुटतात. प्रत्यक्षात गरीब एजवूडचा दर चढा होता, १.०५ डॉलर, अलामो हाइट्सचा ०.८५. तरी राज्याच्या किमान निधीच्या योजनेत भरायचा सक्तीचा वाटा वळता केल्यावर एजवूडच्या हाती मुलामागे २६ डॉलर उरत, शेजाऱ्यांच्या हाती ३३३. जास्त कर भरूनही पदरात कमी, हीच त्या पालकांची मुख्य तक्रार होती.

मग राज्याची मदत ही दरी बुजवत असेल, असं वाटेल. १९४९ च्या गिल्मर-एकिन कायद्यांनी आणलेली किमान निधीची योजना त्याचसाठी होती. पण तिच्यातून एजवूडला मुलामागे २२२ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला २२५! पात्र आणि अनुभवी शिक्षकांना योजनेत पैसा जास्त होता, आणि एजवूडचे ४७ टक्के शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर होते.

१९७१ च्या डिसेंबरात तीन न्यायाधीशांच्या न्यायालयानं पालकांच्या बाजूनं निकाल दिला. टेक्सास राज्य अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. खटल्याला नाव आहे शहरातल्याच सॅन अँटोनियो या आणखी एका डिस्ट्रिक्टचं, पण खरं तर प्रतिवादींतून वगळलं गेल्यावर ते डिस्ट्रिक्ट पालकांच्याच बाजूला जाऊन उभं राहिलं होतं. २१ मार्च १९७३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले. न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिलं की, शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि स्थानिक लोकांच्या हाती शाळांचा कारभार राहावा हा राज्याचा हेतू रास्त आहे. थर्गुड मार्शल यांनी कडक भिन्नमत नोंदवलं. न्यायमूर्ती व्हाइट यांचा मुद्दा मला सर्वांत बिनतोड वाटतो : कर लावायला मालमत्ताच नसेल, तर स्थानिक अधिकाराचा एजवूडला काय उपयोग? (आपल्याकडे याच्या उलट घडलं. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण मूलभूत हक्क मानलं आणि २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं कलम २१-अ आलं.)

वॉशिंग्टनदरबारी दार बंद झालं, तेव्हा एजवूडनं घरच्या दारावर थाप मारली. टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेत मोफत शाळांची ‘कार्यक्षम’ व्यवस्था उभारणं हे विधिमंडळाचं कर्तव्य म्हटलं आहे. त्या एका शब्दावर १९८४ मध्ये नवा दावा उभा राहिला. तोवर सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टच्या मुलामागच्या मालमत्तेत ७०० पटींची तफावत होती. १९८९ च्या ऑक्टोबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली.

पुढची चार वर्षं ओढाताणीची गेली. काउंटीच्या (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या) पातळीवर कर गोळा करण्याचा कायदा न्यायालयात टिकला नाही. पैसा वाटून घेण्यासाठी मांडलेली घटनादुरुस्ती मतदारांनी मे १९९३ मध्ये फेटाळली. शेवटी त्याच महिन्यात आलेल्या कायद्यानं श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या मालमत्तेला मुलामागे मर्यादा घातली आणि वरची संपत्ती वाटून घेण्याचे पाच मार्ग दिले. त्यांत शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन होण्याचाही एक होता. बहुतेकांनी पैसे भरून मोकळं होणं पसंत केलं. लोकांनी या कायद्याला ‘रॉबिन हूड’ हे नाव चिकटवलं आणि १९९५ मध्ये न्यायालयानं तो उचलून धरला.

आता तक्रार वेगळ्या दिशेनं येते. ऑस्टिन, ह्यूस्टनसारख्या शहरांत जमिनीचे भाव इतके चढले की गरीब घरांतली कितीतरी मुलं शिकवणारी डिस्ट्रिक्ट कागदावर श्रीमंत ठरली. ह्यूस्टनच्या मतदारांनी २०१६ मध्ये हे पैसे भरायला नकार दिला आणि सहा महिन्यांनी होकार दिला. त्यांचं दुखणं खोटं नाही. पण उपाय म्हणून वाटणीच मोडली, तर आपण पुन्हा २६ आणि ३३३ वर येऊ, हे विसरता येत नाही. राज्यानं स्वतःचा हात सैल सोडणं हाच मार्ग उरतो. २०१९ च्या कायद्यानं तसं थोडं केलं.

रॉड्रिगेज २०१३ मध्ये वारले. अलामो हाइट्स आता रॉबिन हूडचे पैसे भरतं. एजवूड आणि अलामो हाइट्स ही डिस्ट्रिक्ट मात्र आजही वेगवेगळीच आहेत.