स्टोक रांग: मारखा खोऱ्याच्या ट्रेकला येणाऱ्यांसाठी

लेहमधून दक्षिणेला सिंधूपलीकडे बर्फाची जी टोकं दिसतात, ती स्टोक रांग. आपला ट्रेक तिच्या पाठीमागून जातो: चिलिंग, स्किऊ, मारखा, हंकर, निमालिंग, मग कोंगमारू ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून शांग सुमदो. या वाटेत ६,१०० मीटरहून उंच स्टोक कांगरी चढायचं नसतं. दरवर्षी कुणीतरी विचारतं, म्हणून आधीच सांगितलं.

ही रांग म्हणजे झंस्कार पर्वताची छोटी उपरांग. तिला वेगळं काढलंय नद्यांनी. उत्तरेला सिंधू, पश्चिमेला झंस्कार, दक्षिणेला मारखा. मारखा चिलिंगजवळ झंस्कारला मिळते आणि झंस्कार निम्मूला सिंधूत शिरते. तो संगम जाताना रस्त्यावरूनच दिसतो. उन्हाळ्यात एक पाणी मातकट, दुसरं हिरवट, आणि थोडं अंतर दोन्ही शेजारीशेजारी वाहतात.

खरी मजा दगडांत आहे. सह्याद्रीत आपण बसाल्टचे आडवे थर बघत वाढलो. इथले थर उभे आहेत! भारताचा भूभाग आशियाला भिडला, त्या सांध्यालगत नद्यांनी आणून टाकलेली वाळू, चिखल, गोटे यांचे हे थर. पुढच्या रेट्यात ते वाकले, उभे राहिले. कोंगमारू लावरून उतरताना घळीच्या भिंती जांभळ्या, लाल, हिरव्या दिसतात त्या यामुळेच. हेमिस गावाच्या बाजूला खडकात रुतलेले गुळगुळीत गोटे दिसले तर थांबून बघा. त्यांत ग्रॅनाइटचेही असतात, आणि ग्रॅनाइटचे डोंगर आहेत सिंधूच्या पलीकडे, लेहच्या बाजूला.

पाऊस जवळजवळ नाहीच. मान्सून हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडेच अडतो. लेहला वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला जुलैत तेवढा एका दिवसात पडतो. बार्लीची शेतं दिसतात ती बर्फ वितळून आलेल्या पाटाच्या पाण्यावर.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. ऊन चढलं की वर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर ओढे फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी मांडीपर्यंत येऊ शकतं. म्हणून आम्ही पहाटे निघतो, यावर वाद नको. कोंगमारू ला ५,२०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे लेहमधले सुरुवातीचे दोन दिवस विश्रांतीचेच; त्या दिवसांत खारदुंग ला या तशाच उंच खिंडीत जाऊन येऊ का, असं विचारू नका.

ओढे ओलांडायला मागे पट्टा असलेल्या सँडल आणा. नुसत्या चपला पाण्यात वाहून जातात.